किमान वेतन आणि कामाचा हक्क : मजुरी वाढली म्हणजे काम जाते काय ?

आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर जी बैठक बसते, तिथे दर वर्षी एकदा तरी एक प्रश्न हमखास निघतो. कोणीतरी म्हणतो, "सरकारनं मजुरी वाढवली खरी, पण ठेकेदारानं माणसंच कमी केली. मग फायदा काय झाला ?" यावर तरुण मंडळी तावातावाने बोलतात, वडीलधारी माणसे मान हलवतात, आणि चहा आला की विषय संपतो. यंदाच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा आम्ही ठरवले की, हाच प्रश्न इतिहासाच्या अंगाने एकदा नीट पाहावा. कारण हा प्रश्न काही पुस्तकातला नाही. ज्यांच्या घरात मजुरीवर चूल पेटली, त्यांचा तो आहे.

मजुरीचा विचार धम्माला नवा नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगताना मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत. नोकराला त्याची ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, घरात काही गोडधोड झाले तर त्यातला वाटा त्याला द्यावा आणि वेळेवर त्याला मोकळे करावे. म्हणजे वेतन आले, आजारपण आले, सुट्टी आली. त्याच निकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि राज्यात तर चोऱ्यामाऱ्या चाललेल्या. पुरोहित त्याला सांगतो, यज्ञ राहू दे, शिक्षाही राहू दे. शेती करणाराला बियाणे दे, व्यापार करणाराला भांडवल दे, राजसेवेतल्या माणसाला अन्न आणि वेतन दे. राजा तसे करतो आणि त्याचा खजिना रिकामा न होता उलट भरतो. खजिन्याची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे आपल्या महाराष्ट्राच्या खजिन्याशी तिची गाठ पडणार आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वाडवडिलांना मजुरी नव्हतीच, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. महार वतनदार गावाची आणि सरकारची कामे करायचा. सांगावा न्यायचा, सारा पोचवायचा, मेलेली ढोरे ओढायचा, वेशीवर रात्र काढायचा. त्याबद्दल काय ? वतनाचा जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदारची शिळी भाकर. कामाला वेळ नाही, दामाला हिशेब नाही, आणि नाही म्हणायची तर सोयच नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा गोष्ट हीच होती : कामाचे मोल ठरवा, आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला सोडू द्या. ते बिल त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

त्या काळी असे म्हणणारे होते की, वतन गेले तर महार खाणार काय ? गावकी हाच त्याचा रोजगार, तो बुडेल. थोडक्यात, आज ठेकेदार जे बोलतो ते त्या काळी पाटील बोलत होता.

बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय बैठका त्या काळात सुरू होत्या आणि त्यांत किमान वेतनाचा विषय चर्चेला आला होता. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. इथे एक दुरुस्ती करणे आम्हाला आवश्यक वाटते. जयंतीच्या भाषणांत "बाबासाहेबांनी किमान वेतनाचा कायदा पास केला" असे सर्रास सांगितले जाते. विधेयक त्यांचे, हे शंभर टक्के खरे. परंतु ते कायदा झाले १९४८ साली, आणि तेव्हा मजूर मंत्री जगजीवनराम होते; बाबासाहेब त्या मंत्रिमंडळात कायदा मंत्री होते. खरे तेवढेच सांगितले तरी बाबासाहेबांची उंची तसूभरही कमी होत नाही. मग वाढवून कशाला सांगायचे ?

या कायद्याची जी अनुसूची आहे, म्हणजे कोणत्या धंद्यांना तो लागू करायचा त्याची यादी, ती एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे. विडी वळणे आणि तंबाखूचे कारखाने, दगड फोडणे आणि खडी करणे, रस्ते आणि इमारती बांधणे, कातडी कमावणे आणि चामड्याचे काम, भात गिरण्या, डाळ गिरण्या, तेलगिरण्या, नगरपालिकांची कामे. आणि दुसऱ्या भागात शेती. ही यादी वाचताना आम्हाला आमच्याच वस्तीची हजेरी घेतल्यासारखे वाटले. संघटना नसलेल्या, ज्यांच्या दारात युनियनचा पुढारी कधी फिरकला नाही अशा माणसांची ही यादी आहे. गिरणी कामगार संप करू शकत होता. खडी फोडणारी बाई संप करून जाणार कुठे? म्हणून तिची मजुरी कायद्याने ठरवायची, हा त्यामागचा विचार. शेतीच्या बाबतीत मात्र राज्य सरकारांनी दर ठरवण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेतली, हेही नमूद केले पाहिजे. विधिमंडळात शेतमालक बसलेले होते, सांगायला नको.

कायदा झाला आणि आमचा तो प्रश्न लगेच कोर्टात जाऊन उभा राहिला. अजमेरकडच्या एका कापड गिरणीने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, सरकारने ठरवलेले वेतन आम्हाला परवडत नाही, गिरणी बंद पडली आहे, आणि आमचे बहुतेक कामगार त्याहून कमी पगारावर खुषीने यायला तयार आहेत. मग सरकार मध्ये का पडते? विचार करा, किती अवघड जागा आहे ! कामगारच म्हणतो कमी द्या पण काम द्या. १९५४ साली बिजय कॉटन मिल्सच्या या खटल्यात न्यायालयाने कायदा उचलून धरला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, गरिबीपोटी माणूस कोणत्याही पैशाला तयार होतो, म्हणून तर कायदा लागतो. आणि एखाद्या मालकाला परवडत नाही एवढ्यावरून तो रद्द ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण त्या गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या कामगारांच्या घरी त्या महिन्यात काय शिजले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

विडीच्या धंद्यात तर हे फार उघड दिसले. १९६६ साली विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. केरळात तो अमलात आणायला सरकार निघाले तेव्हा १९६८ साली मंगळूरच्या विडी मालकांनी कण्णूरकडचे कारखाने बंद केले आणि सुमारे १२,००० कामगार रस्त्यावर आले. म्हणजे "मजुरी वाढली की काम जाते" हे तिथे अक्षरशः खरे ठरले. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत सरकारच्या मदतीने कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, दिनेश विडी. पुढे अनेक वर्षे तिथल्या कामगाराला कायद्याची मजुरी, रजा आणि बोनस मिळत राहिले. आपल्याकडे सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया, भंडारा हे सगळे विडीचे पट्टे. कारखान्यात कायदा लागतो म्हटल्यावर पाने-तंबाखू घरी द्यायची आणि वळून आणलेल्या विड्या मोजून घ्यायच्या, ही पद्धत या धंद्यात फोफावली. काम गेले नाही. ते कारखान्यातून आमच्या आयाबहिणींच्या ओसरीवर आले. हजेरीपत्रक तेवढे नाहीसे झाले. आणि "छाट" म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसेही गेले.

परंतु या प्रश्नाचा खरा मोठा धडा आपल्याला महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत मिळतो, आणि तो आपल्या घरातला आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

योजनेचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. तिथे १९६५ च्या सुमारास त्यांनी प्रयोग करून पाहिला. १९७२ साली योजना राज्यात सुरू झाली आणि त्याच वेळी तो दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्षाचा आकडा सांगावा लागत नाही, नुसते "बहात्तर" म्हटले की पुरते. लाल मिलो, सुकडी, आणि उन्हात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा. पुढे १९७७ साली या योजनेचा कायदा विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. त्यात राज्य सरकार आपली भर घालत असे. मागेल त्याला काम, तेही मागितल्यापासून पंधरा दिवसांत; नाही दिले तर बेकारी भत्ता. जगात असा कायदा दुसरीकडे नव्हता, आणि याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.

या योजनेने आपल्या वस्त्यांना काय दिले ? पैसा दिला, हे तर झालेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "नाही" म्हणायची ताकद दिली. आमच्या वस्तीतील एक आजी सांगत असत, "पाटलाच्या वावरात खुरपायला बोलावलं की आधी विचारायचो, तळ्यावर किती मिळतं नि तुमच्याकडं किती." हे वाक्य वतनदारीच्या काळात कोणी बोलू शकले असते का ? पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामावर मजुरी मोजमापावर होती. माती किती उपसली त्याचे पैसे, उपसणारा पुरुष की बाई हा प्रश्न नाही. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची जी वहिवाट, ती इथे कागदावर तरी नव्हती. म्हणून या कामांवर बायांची संख्या फार मोठी असे. मुकादम हजेरीत लबाडी करी, मोजमाप घेणारा टेप सैल-ताठ धरी, पगारवाटप महिना महिना लांबे, हे सगळे होतेच. तरीसुद्धा बया घरातून निघायची ती या आशेवर की, काम मिळेल.

आता दराची गोष्ट. सरासरी ताकदीच्या मजुराने दिवसभर नेटाने काम केले तर त्याला शेतीच्या किमान वेतनाइतके पैसे पडावेत, अशा बेताने या योजनेचे दर बांधलेले होते. म्हणजे शेतीचे किमान वेतन वाढले की योजनेचा दर वाढणार. शेतीचे किमान वेतन मात्र वर्षानुवर्षे जागचे हलत नसे. दरम्यान दोन मोठे निकाल आले. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठबिगार होय. भुकेची सक्ती ही देखील सक्तीच. आणि १९८३ साली राजस्थानातील संजित रॉय खटल्यात तेच तत्त्व दुष्काळी कामांना लावले. सरकारने दुष्काळात काम दिले म्हणजे दान दिले असे नाही, काम करून घेतले तर दाम पुरा द्यावा.

मग १९८८ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात शेतीचे किमान वेतन एकदम दुप्पट झाले. सर्वांत खालच्या परिमंडळात ते दिवसाला ६ रुपये होते, ते १२ रुपये झाले. रोजगार हमीचा दरही त्याबरोबर वाढला. वस्त्यांत आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. सहा रुपयांत त्या काळी काय येत होते ?

पण वर्षभरात काय झाले ? कामावरच्या मजूर-दिवसांचा आकडा निम्म्याच्या आसपास खाली आला. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, बघा, आम्ही सांगत नव्हतो ? मजुरी दुप्पट, काम निम्मे, गणित सुटले. इथेच थांबून नीट विचार केला पाहिजे. पहिली गोष्ट, १९८८ चा पावसाळा चांगला झाला होता. पाऊस चांगला झाला की शेतावर काम निघते आणि योजनेवर गर्दी आपोआप कमी होते. तेव्हा थोडी घट पावसाची. पण पावसाने सगळी घट समजत नाही. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचे महिन्या-महिन्याचे आकडे घेऊन अभ्यास केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की, वाढलेल्या दराने कामाची मागणी कमी झालेली नसून काम देणेच आवळले गेले. दुसऱ्या शब्दांत, हमी होती ती रेशन झाली.

हे आवळणे कसे होते, ते खेड्यात राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. कोणी अर्ज नाकारत नाही. नाकारला तर भत्ता द्यावा लागेल ना ! नुसते नवे काम उघडायचे नाही. चालू काम संपत आले की पुढच्याचा अंदाजपत्रकाचा कागद तालुक्याला पडून राहतो. "पन्नास मजूर भरले पाहिजेत", "साहेब रजेवर आहेत", "पुढल्या आठवड्यात या". अर्ज घेतला तर पोच मिळत नाही, आणि पोच नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कोठून ? आणि काम थोडे, माणसे जास्त, असे झाले की मस्टरवर नाव कोणाचे चढते ? मुकादमाच्या ओळखीच्याचे. पाच मैलांवरून चालत येणारी विधवा, अंगाने थकलेला म्हातारा, भूमिहीन, हे मागे राहतात. मजुरी कमी होती तेव्हा ज्याला दुसरा आधार होता तो सहसा या कामावर येत नव्हता. बारा रुपये झाल्यावर तोही रांगेत आला. रांग वाढली आणि दार अरुंद झाले.

तेव्हा या घटनेचा अर्थ आम्ही असा लावतो. १९८८ साली काम घटले ते मजुरी वाढली म्हणून नव्हे, तर मजुरी वाढवून तिजोरी मात्र होती तेवढीच ठेवली म्हणून. दर दुप्पट केला तर तेवढ्याच माणसांना काम द्यायला पैसाही दुपटीच्या आसपास लागणार, हे तिसरीतले पोर सांगेल. खाजगी मालकाची गोष्ट वेगळी, त्याला नफा-तोटा आहे. पण इथे मालक खुद्द सरकार होते आणि कायद्याने हमी देऊन बसले होते. एका हाताने वेतन वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने कामे बंद ठेवायची, याला धोरण म्हणायचे की हातचलाखी ? राजा महाविजिताच्या पुरोहिताने असा सल्ला दिला नव्हता.

अर्थात आमच्यातल्याच काही मंडळींचे मत निराळे आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. त्यांचे म्हणणे, दर हळूहळू वाढवला असता, दर वर्षी थोडा थोडा, तर असा धक्का बसलाच नसता. वर्षानुवर्षे दर गोठवून ठेवायचा आणि मग एकदम दुप्पट करायचा, हीच चूक. यात तथ्य आहे. पण दर गोठवला कोणी ? मजुरांनी नव्हे.

पुस्तकी अर्थशास्त्रात असे शिकवतात की, कोणत्याही वस्तूचा भाव वाढला की मागणी घटते, तसेच माणसाच्या श्रमाचे. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९२ साली न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले तेव्हा तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांतून मोजदाद केली. त्यांना न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. दुसऱ्या अभ्यासकांनी त्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले, वाद पुष्कळ झाला. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले, क्रूगर तेव्हा हयात नव्हते. एवढ्यावरून "मजुरी कितीही वाढवा, काहीच होत नाही" असे आम्ही म्हणणार नाही. कण्णूरचे कारखाने बंद झालेच होते. पण कोणत्या गावी, कोणत्या मालकाकडे, कामगाराला दुसरीकडे जायची वाट आहे की नाही, यावर सगळे अवलंबून आहे, एवढे तरी त्यातून दिसते.

आणि आपल्या समाजापुढे ही "दुसरीकडे जायची वाट" कधी मोकळी होती ? मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात पगार जास्त. तिथे अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. म्हणजे चांगल्या मजुरीचे खाते बंद, मग सगळी माणसे हलक्या मजुरीच्या खात्यात कोंबलेली; तिथे माणसे जास्त झाली की मजुरी आणखी खाली. आपल्या माणसाची मजुरी कमी होती ती त्याच्या कामाची किंमत कमी होती म्हणून नव्हे. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पडली आहेत आणि त्यांना सामावून घ्यायला उद्योगधंदे पाहिजेत. मजुरी आणि काम हे दोन्ही त्यांनी एकत्रच पाहिले.

पुढची हकिकत थोडक्यात. महाराष्ट्राच्या योजनेचा कित्ता गिरवून २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात मात्र कलम ६ असे घातले की, किमान वेतनाच्या कायद्यात काहीही म्हटलेले असो, केंद्र सरकार या योजनेची मजुरी वेगळी ठरवू शकेल. १९८८ चा अनुभव दिल्लीने असा वापरला ! १ जानेवारी २००९ पासून केंद्राने आपला दर वेगळा काढला आणि काही राज्यांत तो शेतीच्या किमान वेतनाच्या खाली गेला. २०११ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने किमान वेतन द्या असे सांगितले; केंद्र वर अपिलात गेले. १९४८ चा मूळ कायदाही २०१९ च्या वेतन संहितेत विलीन करण्यात आला. बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाची वाट इथपर्यंत आली आहे.

जाता जाता एक विनंती. १९७२ ते १९९० या काळात आपल्या भागात कोणकोणती तळी, बंधारे, रस्ते रोजगार हमीतून झाले आणि त्यावर आपल्यापैकी कोण होते, याची नोंद कोठेच नाही. तलावाच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव आहे, माती वाहणारीचे नाही. ज्यांच्या घरी त्या वेळची ओळखपत्रे, कामाच्या मागणीचे अर्ज, पगाराच्या पावत्या किंवा कामावरचा एखादा फोटो ट्रंकेत पडला असेल, त्यांनी तो विहाराच्या वाचनालयात आणून द्यावा. मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्स चालेल. ज्या आजींचे वाक्य वर दिले आहे त्या आता नाहीत, पण त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलेल्या दोघी अजून वस्तीत आहेत; येत्या पौर्णिमेला त्यांना बोलते करायचे ठरले आहे. ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर किंवा मोबाईल चांगला असेल, त्यांनी सोबत आणावा.